पूर्वपक्षाचे चिन्ह

मार्च महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटायच्या थोडे आधी, पिंपळगाव राजा येथील एका खासगी शाळेत आठवीतल्या मुलीचे वडील तिचा दाखला मागायला आले. दाखला त्या दिवशी दिला गेला नाही. द्यायला नकारही कोणी दिला नव्हता.

मी तिथे दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. निवडणुकीचे दिवस होते. आदल्या दिवशी आमच्या वर्तमानपत्राच्या खामगावच्या कार्यालयात फोन आला. बोलणारा एका पक्षाचा तालुक्यातला कार्यकर्ता होता. पिंपळगावच्या एका शाळेत लेकरांकडून पक्षाचा प्रचार करून घेतात, अशी त्याची तक्रार होती. कोणत्या पक्षाचा, असे विचारल्यावर तो अडखळला.

"नवाच हाय साहेब. पूर्वपक्ष का काय म्हनतात. आमच्या यादीत तं नाई."

संपादकांनी जाऊन खात्री करायला सांगितले. फोनवर ऐकलेले छापायचे नाही, हा आमच्या कार्यालयाचा साधा नियम.

पिंपळगावच्या बसथांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर शाळा विचारली तेव्हा लक्षात आले, की बातमी माझ्या आधी पोहोचलेली आहे.

"पक्षवाली शाया ना? थे पाहा, डाळमिलात," चहावाल्याने हात दाखवला.

बाकावरच्या एकाने लगेच विचारले, "साहेब, चिन्ह भेटलं का त्याईले?"

"भेटलं असंन," दुसरा म्हणाला. "कोंबडा. पूर्वेकडं तोंड करून आरवते तो."

"मंग पोट्टे सकायी सकायी काय वरडतात शायेत? थोच प्रचार व्हय ना बे."

सगळे हसले. बाकाच्या टोकाला बसलेले एक म्हातारे तेवढे हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि मी पत्रकार आहे का ते विचारले. मी हो म्हटल्यावर म्हणाले, "मंग बरोबर लिहा. हे सारं माह्यानंच झालं."

त्यांची नात त्या शाळेत आठवीत होती. घरी सगळे त्यांना आबा म्हणत, गावातही तेच नाव चाले. काही दिवसांपूर्वी शनिवारी नात अंगणात नखे काढत बसली होती. आबांनी हटकले, शनिवारी नखे काढू नयेत. नात म्हणाली, "थांबा आबा, आधी तुमचा पूर्वपक्ष मांडते."

"म्या म्हनलं, माहा पक्ष तुले काय माहित व? मी मत कोनाले देतो थे तुह्या बापाले बी कधी सांगतलं नाई. तं ते पोरगी म्हनते, आबा, शायेत आमी रोज मांडतो. अन् म्या हे इथी येऊन सांगतलं." त्यांनी टपरीकडे मान हलवली. "बाकीचं ह्याईनं केलं."

चहावाला म्हणाला, "आबा, आमी तं फकस्त चिन्ह देलं."

शाळा खरेच डाळमिलच्या जागेत होती. मिल बंद पडून बरीच वर्षे झाली होती. यंत्रे गेली, पत्र्याचे छत आणि दगडी फरशी राहिली. मधल्या मोठ्या खोलीत दर शनिवारी वादांची सभा भरते, दोन्ही बाजूंच्या कोठारांत वर्ग. उन्हाळ्यात भिंतींना अजून तुरीच्या कोंड्याचा वास येतो. प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटे आणि एक लांब टेबल. संगणक एक, तो कार्यालयात. या उणिवा मुख्याध्यापिकांनी मला न विचारता आधीच सांगितल्या.

या शाळांची एक साखळी आहे. जिल्ह्यातली पहिली शाळा खामगावला जुन्या जिनिंगच्या गोदामात सुरू झाली, एक मेहकर तालुक्यात हिवरा आश्रमच्या बाजूला आहे, आणि ही तिसरी. चालवणारे बहुतेक निवृत्त शिक्षक, त्यांच्यासोबत खामगावचे काही व्यापारी. फी एकरकमी भरणे शेतावर राबणाऱ्या घराला जड जाईल, पण महिन्याच्या महिन्याला देता येते, आणि बहुतेक घरे देतात. सरकारी अभ्यासक्रम शिकवावाच लागतो, तो शिकवतात. त्याच्या जोडीला जुन्या पद्धतीचे शिक्षण आहे. पहिल्या वर्षांत व्याकरण आणि पाठांतर, मग तर्क, मग बोलणे. संस्कृत पाचवीपासून. भूमितीत सिद्धांत नुसता वापरायचा नाही, सिद्ध करून दाखवायचा. पाढ्यांत पावकी, निमकी आणि दिडकीसुद्धा येतात. मी गेलो तेव्हा एका वर्गात पाऊणकी चालू होती. टपरीवरच्या माणसाने ज्याला ओरडणे म्हटले ते हेच. चाल ऐकायला चांगली होती. वर्गाच्या दाराशी एक बाई बहुधा मुलाचा डबा घेऊन आल्या होत्या, त्या ओठांतल्या ओठांत सोबत म्हणत होत्या.

मुख्याध्यापिका हिवरा आश्रमकडच्या. वडील तहसील कचेरीत कारकून होते. त्या स्वतः संस्कृतमध्ये एम.ए. तक्रार सांगितल्यावर त्यांनी आधी शांतपणे ऐकून घेतली, मग विचारले, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की इथे मुलांना एखाद्या पक्षाच्या बाजूने बोलायला लावतात, आणि तो पक्ष पूर्वपक्ष. असंच ना?"

"माझं नाही. तक्रार करणाऱ्याचं."

"हेच म्हणणं आहे ना पण त्यांचं?"

"हो, हेच."

"झालं. हा पूर्वपक्ष. आता मी उत्तर देऊ शकते."

जुन्या वादपद्धतीत समोरच्याचे मत खोडण्याआधी ते स्वतः मांडावे लागते. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. या शाळांनी त्याला एक अट जोडली आहे. ज्याचे मत आहे त्याने 'हेच' म्हटल्याशिवाय उत्तर देता येत नाही. समोरच्याचे म्हणणे पातळ करून मांडले, की तो 'हे नाही' म्हणतो आणि पुन्हा सुरुवात करावी लागते. मधल्या सुट्टीत भांडण झाले तरी हाच नियम. शिक्षकांनाही तो लागू आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, त्यामुळे मुलांना रागावणे फार लांबते.

पिंपळगावच्या शाळेत मुले 'हेच' म्हणताना आधी 'हाव' म्हणतात. एकदा मध्यवर्ती कार्यालयातून तपासणीला आलेल्या बाईंनी मुले सभेत सारखी 'हाव, हाव' का करतात असे विचारले. त्यांच्या मराठीत हाव म्हणजे लोभ. त्यांनी 'होय' म्हणायला सुचवले. काही दिवस ते करून पाहिले.

"पोरं सगळ्यालाच होय म्हणायला लागली," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पाहुण्यांसमोर म्हणतात तसं. पटलं नाही तरी होय. हाव म्हणताना त्यांना खोटं बोलता येत नाही. मग मी कळवलं, की लिहिताना प्रमाण मराठी, सभेत घरची."

कार्यालयाने ते मान्य केले.

तक्रारीत तथ्य नव्हते. बातमी तिथे संपली. मी उठणार तेवढ्यात मुलीचे वडील आले. मागोमाग आबा.

वडील भाजी पिकवतात. वांगी, मेथी, कोथिंबीर, हंगामात टोमॅटो. माल स्वतःच्या छोट्या गाडीतून खामगावच्या बाजारात नेतात. स्वतः दहावी झालेले. त्या सकाळी बाजारात अडत्याने सगळ्यांसमोर विचारले होते, "काय भाऊ, पोरीले तिकीट भेटलं का?" ते तिथून थेट शाळेत आले होते. गाडीत रिकामी क्रेट तशीच होती.

"म्याडम, मले पोरीचा दाखला पाह्यजे," ते उभ्यानेच म्हणाले. "परीक्षा झाली का द्या. खामगावच्या मोठ्या शायेत टाकतो तिले. माह्या साळ्याची पोरगी तिथीच हाय, आठवीपासून डॉक्टरकीचं शिकून राह्यली."

"बाजारातल्या बोलण्यावरून?"

"बाजाराचं सोडा. थे आज झालं. माहं मन दिवाळीपासूनच हाय."

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "दाखला तुमचा हक्क आहे, तो मी अडवू शकत नाही. परीक्षा झाली की तयार ठेवते. पण शाळा सोडताना दोन्ही बाजू मांडायच्या, असं आपल्याकडे आहे. प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं."

"सांगतलं असंन."

"बसायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ती तुमची बाजू मांडेल. मग तुम्ही तिची."

वडिलांनी बाहेर गाडीकडे पाहिले. आबा तोवर सभेच्या फरशीवर भिंतीला टेकून बसले होते.

"बस ना बे," ते मुलाला म्हणाले. "आइकू तं दे, काय म्हनते पोरगी. नखाच्या वक्ताले माही बाजू माह्यापेक्षा चांगली मांडली तिनं."

वडील बसले. सहावी ते आठवीची मुले समोर होतीच, शनिवारची सभा भरतच होती. मुलगी उठून पुढे आली. उंच, अंगाने बारीक, वेण्या घट्ट बांधलेल्या. घरात काय ठरते आहे ते तिला माहीत होते. आदल्या रात्री ती जेवली नव्हती, हे मला आबांनी नंतर सांगितले. तिला शाळा सोडायची नव्हती. पण ते सांगायची तिची पाळी अजून आली नव्हती.

"माझ्या बाबांचा पूर्वपक्ष," तिने प्रमाण मराठीत सुरुवात केली. "बाबांचं म्हणणं असं, की संस्कृत आणि तर्क शिकून नोकरी मिळत नाही. हेच?"

वडील म्हणाले, "हे नाई."

"बाबांचं म्हणणं असं, की शाळेवरून लोक बाबांना हसतात, म्हणून शाळा बदलावी. हेच?"

"हे बी नाई. म्हंजे, हासतात. पन हे नाई."

मुले हसली नाहीत. सभेत चुकीच्या पूर्वपक्षाला हसायचे नाही, असेही तिथे ठरलेले आहे.  मुलगी पुन्हा बोलली तेव्हा तिची भाषा बदलली होती.

"बाबा म्हनतात, येळ कमी हाय. शायेत जे शिकवतात थे वाईट हाय असं बाबा म्हनत नाई. दिवाळीत आईले दवाखान्यात नेलं होतं तवा डॉक्टर बाबाशी बोललेच नाई. बाबा समोर उभे होते अन् डॉक्टर नर्सशी बोलले, कागदावर लिहलं, अन् बाबाले म्हनले, चला, पुढचा. बाहेर येऊन बाबानं औषधाच्या दुकानदाराले इचारलं, हिले झालं काय हाय? तवापासून बाबाले वाटते, का माह्या पोरीनं त्या खुर्चीत बसावं. ज्या खुर्चीसमोर मी उभा राह्यलो तिच्यात."

 वडिलांनी मान वर केली. तिने पुढे सुरू केले.

"अन् बाकीच्या पोरी आठवीपासून लागल्या. मी दोन वर्सं मांगं राह्यली, तं मले हात कोन देईन? बाबा म्हनतात, मी देऊ शकत नाई, मले थे येत नाई. ज्याले येत नाई त्याच्या पोरीनं उशीर करू नाई. हेच?"

वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हाव," ते म्हणाले. "हेच."

आबा म्हणाले, "दवाखान्याचं तं मले बी माहित नोतं बे."

"तिले कोनं सांगतलं?" वडिलांनी विचारले. हे त्यांनी कोणाला उद्देशून विचारले ते कळले नाही. मुलगी म्हणाली, "मी होती ना तिथी."

आता वडिलांची पाळी होती. मुलीची बाजू मांडायची आणि तिच्याकडून 'हेच' घ्यायचे. त्यांना ते सोपे वाटले असावे. उभे राहून म्हणाले, "तिले मैतरनी सोडाव्या वाटत नाई."

"हे नाही," मुलगी म्हणाली.

"तिले म्याडम आवडतात."

"आवडतात. पण हे नाही."

या वेळी मुले हसली, मुख्याध्यापिकांनी त्यांना हसू दिले.

"मंग तूच सांग ना व माय," वडील म्हणाले.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ती सांगणार नाही. ते तुम्हालाच शोधावं लागेल. तिने तुमचं असंच शोधलं."

 वडिलांनी टोपी डोक्यावर घातली. "पुढच्या शनवारी येतो," म्हणाले आणि निघाले. जाताना दाखल्याचा विषय त्यांनी काढला नाही. आबा मागे राहिले, कारण त्यांना सभेचा पुढचा भाग ऐकायचा होता. सहावीतल्या दोघांत खिडकीजवळच्या जागेवरून वाद होता.

त्या आठवड्यात घरी काय झाले ते मी पाहिलेले नाही. वडिलांनी आणि आबांनी वेगवेगळ्या वेळी सांगितले आणि दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता, तेवढेच इथे लिहितो.

वडिलांनी मुलीला सरळ विचारले नाही. संध्याकाळी ती अभ्यासाला बसली, की ते समोर येऊन बसत. ती त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन का होते, ते सिद्ध करत होती. त्यांनी पाहिले, म्हणाले, "हे तं पुस्तकात लिहलंच हाय. मंग पुन्हा काऊन करा?"

ती म्हणाली, "लिहिलंय म्हणून खरं मानायचं का?"

"मंग कायनं मानाचं?"

तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत करून दाखवले. समांतर रेषा कुठून आली, यावर वडील अडले. तिने पुन्हा दाखवले. आबा म्हणाले, त्या दिवशी भाकरी थंड झाल्या, आणि सुनेने दोघांनाही ऐकवले.

मधल्या एका दिवशी वडील तिला घेऊन खामगावच्या त्या दुसऱ्या शाळेत गेले. शाळा मोठी, स्वच्छ, वर्गात पंखे चालू. साळ्याची मुलगी तिथे खूश होती. वडिलांनी तिथल्या शिक्षकांना एकच प्रश्न विचारला. पोरीने वर्गात 'काऊन', म्हणजे का, असे विचारले, तर काय करता?

शिक्षक प्रामाणिक होते. म्हणाले, "भाऊ, विचारलं तर चांगलंच आहे. पण वेळ कुठून आणायचा? कोर्स पुरा करायचा असतो. पेपरात काऊन येत नाही, उत्तर येतं."



पुढच्या शनिवारी मी रजा टाकून पिंपळगावला गेलो. कार्यालयाला त्यात रस असण्याचे कारण नव्हते. टपरीवर विचारणा झाली, "साहेब, आज निकाल का?"

सभा भरली होती. वडील या वेळी धुतलेला सदरा घालून आले होते. सोबत मुलीची आईही होती. ती दाराजवळ बायकांच्या रांगेत बसली. मुलगी पुढे उभी राहिली. वडील तिच्याकडे न पाहता, समोरच्या भिंतीकडे पाहत बोलले.

"माह्या पोरीचा पूर्वपक्ष," ते म्हणाले. मागून कोणीतरी खाकरले. "ते म्हनते, मले जिथी काऊन इचारता येते तिथी राह्यचं हाय. दुसरी शाया वाईट नाई. तिथं मास्तर चांगले हायेत, मी पाहून आलो. पन तिथी काऊनले येळ नाई. अन् तिले भेव हाय. भेव असं, का दोन वर्सं इचारलं नाई, तं मंग इचारायची सवयच जाते. माही गेली तशी."

त्यांनी मुलीकडे पाहिले. ती म्हणाली, "अजून एक राहिलं."

"हाव, राह्यलं. मले माहित हाय." ते म्हणाले. "थे म्या मुद्दाम मांगं ठेवलं. तिले बी त्या खुर्चीत बसाचं हाय. म्या समजून राह्यलो होतो का तिले नाई बसाचं. तिले बसाचं हाय. पन समोर जो मानूस उभा राह्यला, त्याचं पह्यले आइकून घ्याचं हाय. त्याले काय दुखते थे आपन बोलून दाखवाचं, अन् तो हेच म्हनला, का मंग औषध लिहाचं. थे तिले इथी शिकाले भेटते. दुसरीकडं थे कोनत्याच कोर्सात नाई."

 सभेत मुलगी एरवी प्रमाण मराठीतच बोलत असे, वर्गात सगळ्यांत शुद्ध तिची मराठी, असे मला मुख्याध्यापिकांनी सांगितले होते.

"हाव बाबा," ती म्हणाली. "हेच."

दाराजवळ तिच्या आईने पदर तोंडाला लावला.

दोन्ही पूर्वपक्ष झाले होते. आता उत्तर द्यायची परवानगी होती, आणि पहिली पाळी मुलीची होती. मला वाटले होते, ती आता शाळेच्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "बाबांचं वेळेचं म्हणणं खरं आहे. मी आठवडाभर पाहिलं. ते मला खोडता येत नाही."

मुख्याध्यापिकांनी विचारले, "मग?"

"मग ते मान्य करावं लागेल. गणित आणि विज्ञान मला जास्त करावं लागेल. इथे प्रयोगशाळा नाही."

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हाव." हसण्याची परवानगी नसतानाही मुले हसली.

वडिलांची पाळी आली. त्यांनी लांबण लावली नाही. "दाखला राहू द्या," ते म्हणाले. "दहावी होऊ द्या तिची इथी. रविवारी खामगावले शिकवनी लावतो. दहावी झाली का पुन्हा सभा भरवू. तवा मी चांगला तयार होऊन येतो."

"तयार तं आताच हायेस बे," आबा भिंतीपाशी बसून म्हणाले.

सभेत मतदान होत नाही, टाळ्याही वाजवत नाहीत. कोणी जिंकले असे जाहीर करायची पद्धत नाही. पुढचा वाद सातवीतल्या दोन मुलींचा होता, तो लगेच सुरू झाला. मुलीची आई उठून बाहेर गेली आणि पाण्याच्या टाकीजवळ उभी राहिली. वडील तिच्या मागे गेले. दोघे तिथे बराच वेळ बोलत होते. काय बोलले ते माहीत नाही. बोलत ती होती, ऐकत ते होते, एवढे दिसत होते.

परतताना आबा माझ्यासोबत थांब्यापर्यंत आले. बसला उशीर होता. टपरीवर आमची वाटच पाहत होते.

"आबा, कोनता पक्ष जिकला?"

"पूर्वपक्ष," आबा म्हणाले.

"अन् चिन्ह?"

आबांनी चहा मागवला, बाकावर बसले आणि विचार करून म्हणाले, "खुर्ची."

कोणाला ते कळले नाही. आबांनी समजावून सांगितले नाही.

शाळेवर मी तेव्हा बातमी केली नाही. तक्रार खोटी निघाली ही बातमी नव्हती, आणि बाकीचे त्या घराचे होते. हे लिहिण्याआधी वडिलांना आणि मुलीला वाचून दाखवले आहे. वडिलांनी एक दुरुस्ती सांगितली, ती केली. बाजारातले ते वाक्य अडत्याचे होते, मी हमालाचे लिहिले होते. मुलीने नखांच्या प्रसंगाबद्दल सांगितले, की आबांचा पूर्वपक्ष यात पूर्ण आलेला नाही. ती म्हणाली त्याप्रमाणे तो असा: आबा लहान असताना घरात नखे काढायची एकच नऱ्हाणी होती, ती शनिवारी दुसऱ्या घरी जात असे, आणि त्यांच्या आईने भांडण नको म्हणून शनिवार वर्ज्य केला. हे आबांनी हेच म्हणून मान्य केले आहे. तरीही शनिवारी नखे काढू नयेत, असे त्यांचे मत कायम आहे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मुलगी नववीच्या वर्गात होती. रविवारी ती वडिलांच्या भाजीच्या गाडीतून खामगावला शिकवणीला जाते.